जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला स्ट्रीमर जोडताना

काकांच्या दिवाणखान्यात नव्वदच्या दशकातला एक अ‍ॅम्प्लिफायर आणि कमरेएवढे दोन स्पीकर आहेत. शेजारच्या कपाटात तीनशेच्या आसपास सीडी. गेल्या वर्षी सीडी प्लेअरची लेन्स गेली आणि दुरुस्त करणारा कुणी मिळेना. तेव्हापासून काका तळहातावर मावणाऱ्या ब्लूटूथ स्पीकरवर गाणं ऐकायला लागले आणि मोठ्या स्पीकरांवर काकूने कुंड्या ठेवल्या. दिवाळीला गेलो तेव्हा काका म्हणाले, "अरे, फोनमधलं गाणं ह्या स्पीकरांवर नीट वाजेल असं काही मिळतं का? नीट म्हणजे नीट हं."

मिळतं. त्याला म्युझिक स्ट्रीमर म्हणतात. एका बाजूने घरच्या इंटरनेटला आणि दुसऱ्या बाजूने अ‍ॅम्प्लिफायरला जोडलेला एक छोटा, एकाच कामाचा संगणक. काही हजारांपासून कित्येक लाखांपर्यंत तो मिळतो, आणि इथेच माणूस गोंधळतो. दुकानात गेलात की स्ट्रीमरचा 'आवाज' किती मोकळा आहे, किती उबदार आहे, हे ऐकायला मिळेल. माझं मत आधीच सांगून टाकतो. घरातल्या आवाजाचं बरंवाईट ठरतं ते स्पीकर, खोली आणि मुळातलं रेकॉर्डिंग यांच्यावर. नीट बनवलेल्या दोन स्ट्रीमरांच्या आवाजात फरक असलाच तर फार बारीक असतो. त्यांच्या सॉफ्टवेअरमधला फरक मात्र रोज जाणवतो. म्हणून आधी आपलं संगीत कुठे आहे ते बघायचं आणि मग यंत्र.

घागर आणि नळ

आपल्याकडे ब्लूटूथ असताना आणखी यंत्र कशाला, हा काकूचा प्रश्न होता, आणि तो रास्त आहे.

ब्लूटूथवर ऐकताना फोन पाणक्याचं काम करतो. तो इंटरनेटच्या आडावर जातो, घागर भरतो आणि तुमच्या स्पीकरपर्यंत आणून ओततो. घागर लहान असल्यामुळे पाणी कमी करूनच आणावं लागतं. सीडीवरचं संगीत सेकंदाला १,४११ किलोबिट इतकं असतं. ब्लूटूथची एसबीसी ही सगळीकडे चालणारी पद्धत साधारण ३२८ किलोबिटांपर्यंत जाते, आणि एलडॅक ही त्यातली मोठी घागरसुद्धा ९९० वर थांबते. शिवाय पाणक्याला दुसरी कामं असतात. फोन आला की गाणं थांबतं, मेसेज आला की 'टिंग' मोठ्या स्पीकरांतून घुमतं, आणि काका फोन खिशात घालून गॅलरीत गेले की गाणं तुटक तुटक होतं.

स्ट्रीमर म्हणजे घरात घेतलेली स्वतःची नळजोडणी. स्पॉटिफाय कनेक्ट किंवा गूगल कास्ट यांसारख्या सोयींत तुम्ही फोनवर फक्त गाणं निवडता. पुढे स्ट्रीमर स्वतः इंटरनेटवरून ते ओढून घेतो. फोन बंद करा, बाजारात घेऊन जा, घरात गाणं चालू राहतं. अ‍ॅपलचं एअरप्ले या दोहोंच्या मधलं आहे. ते वायफायवरून जातं, घागर सीडीच्या मापाची असते, पण आयफोनवरून वाजवताना बहुतेक वेळा पाणी फोनच वाहतो. हा फरक एकदा कळला की खोक्यावरची निम्मी चिन्हं वाचता येतात.

तुमचं गाणं राहतं कुठे

खरा निर्णय इथे होतो, म्हणून जरा थांबून बोलतो.

परदेशी परीक्षणं वाचली तर टायडल आणि कोबझ या इंटरनेटवरून गाणी पुरवणाऱ्या सेवांचं फार कौतुक दिसेल. कौतुक योग्य आहे, पण या दोन्ही सेवा भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत. त्यामुळे पुण्यात किंवा पणजीत राहणाऱ्याने या चिन्हांसाठी जास्त पैसे मोजू नयेत. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसासाठी गोष्ट वेगळी, तिथे दोन्ही मिळतात. खोक्यावर एमक्यूए असं चिन्ह असेल तर त्याचाही विचार सोडून द्या. ती संगीत घडी घालून पाठवायची एक खासगी पद्धत होती. ती बनवणारी कंपनी २०२३ मध्ये आर्थिक अडचणीत येऊन विकली गेली आणि २०२४ मध्ये टायडलनेही ती पद्धत सोडली.

स्पॉटिफायचा दर्जा अनेक वर्षं जास्तीत जास्त ३२० किलोबिट होता. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेलं संगीत द्यायला सुरुवात केली. ते ऐकायचं तर आपल्या वर्गणीत ते आहे का आणि घेत असलेला स्ट्रीमर त्याला पाठिंबा देतो का, या दोन्ही गोष्टी बघाव्या लागतात. अ‍ॅपल म्युझिकमध्ये लॉसलेस २०२१ पासून आहे, तेही जादा पैसे न घेता. पण अ‍ॅपल म्युझिक बहुतेक स्वतंत्र स्ट्रीमरांच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये सापडत नाही, ते एअरप्लेनेच वाजवावं लागतं. म्हणून घरात सगळे आयफोनवाले असतील तर एअरप्ले आहे की नाही हे पहिलं बघा. ते गृहीत धरू नका. विम या कंपनीच्या स्वस्त 'प्रो'मध्ये एअरप्ले आहे, पण त्याच कंपनीच्या महागड्या 'अल्ट्रा'मध्ये नाही.

आता यूट्यूब. आपल्याकडच्या रसिकांचं निम्मं ऐकणं तिथेच असतं: जुन्या मैफली, आकाशवाणीची ध्वनिमुद्रणं, कुणीतरी कॅसेटवरून चढवलेली नाट्यगीतं. गूगल कास्ट असलेल्या स्ट्रीमरवर यूट्यूब म्युझिक चालतं, पण साध्या यूट्यूब अ‍ॅपच्या यादीत असा फक्त आवाजाचा स्ट्रीमर येतच नाही, कारण त्या अ‍ॅपला पडदा हवा असतो. अनेकांना हे यंत्र घरी आणल्यावर कळतं. यावर सरळ उपाय म्हणजे यूट्यूब टीव्हीवर लावायचं आणि टीव्हीचा आवाज ऑप्टिकल किंवा एचडीएमआय आर्क केबलने स्ट्रीमरमध्ये घ्यायचा. त्यासाठी स्ट्रीमरला तशी 'इन' जोडणी हवी, नुसती 'आउट' असून भागत नाही. यूट्यूबवर तुमचा जीव असेल तर ही एक जोडणी बाकी सगळ्या गुणांपेक्षा मोलाची.

आणि काकांच्या तीनशे सीडी. त्या सेवांवर सगळ्या सापडतील या भरवशावर राहू नका. काकांच्या संग्रहातल्या कितीतरी छोट्या प्रकाशकांच्या आहेत. यूएसबीला लागणारा सीडी ड्राइव्ह घेऊन त्या संगणकावर फ्लॅक स्वरूपात उतरवाव्यात. फ्लॅक म्हणजे संगीताची झिप फाइल: आकार साधारण निम्म्यावर येतो, पण उघडली की मूळ बिट जसेच्या तसे मिळतात. तासाभराची सीडी मुळात ६३५ एमबी भरते, फ्लॅकमध्ये साडेतीनशेच्या आसपास. तीनशे सीडी शंभर जीबीच्या थोड्या पुढेमागे बसतात, पेन ड्राइव्हवरही मावतील. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर या कामाला उत्तम. ओरखडे असलेल्या जागा ते पुन्हा पुन्हा वाचतं आणि तुमची प्रत इतरांच्या प्रतींशी ताडून बघतं. उतरवून झालं की दुसऱ्या डिस्कवर एक प्रत ठेवाच.

मग स्ट्रीमरला विचारायचा प्रश्न असा: ही डिस्क तू थेट लावून घेतोस की घरातल्या दुसऱ्या संगणकावरून मागवतोस? काहींना यूएसबी डिस्क जोडता येते, काहींना येत नाही. विम प्रोला जोडता येत नाही, अल्ट्राला येते. नेटवर्कवरून मागवायचं तर घरात एखादा छोटा संगणक किंवा नॅस नावाची डिस्कपेटी सतत चालू ठेवावी लागते.

तंबोरा तुटता कामा नये

इथे एक गोष्ट जवळून दाखवतो, कारण परदेशी परीक्षणांत ती ओझरती येते आणि आपल्या संगीतात तिचं महत्त्व फार आहे.

ख्यालाच्या सीडीवर पुष्कळदा विलंबित एक ट्रॅक आणि द्रुत दुसरा ट्रॅक असतो. प्रत्यक्षात गाणं सलग आहे. विलंबिताची शेवटची सम येते, तबलजी लय बदलतो आणि द्रुतचा मुखडा उचलला जातो. मागे तंबोरा अखंड चालू असतो. सीडी प्लेअर हा सांधा न कळता ओलांडायचा, कारण ट्रॅकची खूण ही तबकडीवरची नुसती नोंद असते. फायली केल्या की दोन स्वतंत्र तुकडे होतात. स्ट्रीमरने पुढचा तुकडा आधीच मागवून तयार ठेवला नसेल तर मध्ये अर्धा सेकंद शांतता पसरते. चित्रपटगीतांत ती कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे मात्र तंबोराच कापला जातो, आणि कान एकदम उघडा पडल्यासारखं वाटतं. एमपीथ्री फायलींत हा धोका जास्त, कारण ते स्वरूप फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता स्वतःहून चिकटवतं.

सलग वाजवण्याच्या या गुणाला गॅपलेस प्लेबॅक म्हणतात. माहितीपत्रकात ते लिहिलेलं असतं, पण एखादा स्ट्रीमर स्वतःच्या डिस्कवरून गॅपलेस वाजवतो आणि कास्टवरून वाजवताना अडखळतो. तुम्ही ज्या वाटेने ऐकणार त्याच वाटेने तपासा. विलंबिताचं शेवटचं अर्धं मिनिट लावा, डोळे मिटा आणि तंबोऱ्यावर कान ठेवा.

दुसरी अडचण नावांची. सीडी उतरवताना माहिती आपोआप येते आणि ती कुणीकुणी आपापल्या पद्धतीने भरलेली असते. 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि 'पंडित भीमसेन जोशी' हे स्ट्रीमरच्या लेखी तीन वेगळे गायक असतात. तुम्ही एकावर बोट ठेवता आणि दोनतृतीयांश संग्रह गायब. राग, ताल, बंदिश यांना तर रकानाच नसतो. मी काकांच्या फायलींना सरसकट 'राग, बंदिशीचे बोल, ताल' या क्रमाने शीर्षकं दिली आणि उपाध्या सगळीकडून काढल्या. त्यात दोन रविवार गेले आणि ते सत्कारणी लागले. देवनागरीत नावं लिहिणार असाल तर एक पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात जा. फोनच्या अ‍ॅपमध्ये देवनागरी बहुधा नीट दिसते, पण काही यंत्रांच्या स्वतःच्या पडद्यावर अक्षरांऐवजी चौकोन उमटतात.

आकड्यांची भीती नको

२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ. हे आकडे मोठे दिसतात, म्हणून अर्थ सांगतो. सीडी दर सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं घेते. गणिताचा नियम असा की त्याच्या निम्म्यापर्यंतची कंपनं, म्हणजे २२,०५० हर्ट्झपर्यंतची, त्यातून पुरी परत मिळवता येतात. तरुण, निरोगी कान साधारण २०,००० पर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ही मर्यादा खाली येत जाते. १६ बिटांमुळे सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. पंखा चालू असलेल्या खोलीत त्यातला खालचा बराच भाग पंख्याखालीच बुडतो. म्हणजे ऐकण्यापुरती सीडीची प्रत पुरेशी आहे, आणि बाजारातला जवळजवळ प्रत्येक स्ट्रीमर तिच्या पुढेच जातो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या कितीही मोठ्या आकड्यांत उतरवल्या तरी त्या काळच्या यंत्राने जे टिपलं नाही ते येणार नाही. जे टिपलं आहे ते ऐकून अंगावर काटा येतो, हे वेगळं.

नेटवर्कचंही तसंच. सीडीच्या दर्जाला दीड मेगाबिटही लागत नाही, आणि २४ बिट १९२ किलोहर्ट्झचं संगीत मुळीच न दाबता पाठवलं तरी सव्वानऊ मेगाबिटांत काम होतं. अडचण वेगाची नसून खंडाची असते. राउटर दाराजवळ, स्ट्रीमर दोन भिंतींपलीकडे लोखंडी शोकेसमध्ये, अशा घरात गाणं अडखळतं. जमल्यास साधी लॅन केबल टाका. खास संगीतासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या लॅन केबलवर पैसे घालवू नका. माहिती तुकड्यातुकड्यांनी येते, बिघडलेला तुकडा पुन्हा मागवला जातो, आणि सगळं आधी स्ट्रीमरच्या स्मृतीत साठतं. तिथून पुढे ते ठरावीक गतीने बाहेर सोडणं हे आतल्या घड्याळाचं काम, केबलचं नाही.

अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागे बघा

यंत्र घेण्याआधी अ‍ॅम्प्लिफायर फिरवून मागच्या जोडण्यांचा फोटो काढा. काकांच्या अ‍ॅम्प्लिफायरवर फक्त लाल-पांढऱ्या गोल जोडण्या होत्या: फोनो, सीडी, टेप, ऑक्स. अशा ठिकाणी स्ट्रीमरच्या आत डॅक हवाच. डॅक म्हणजे आकड्यांचं विजेच्या लहरीत भाषांतर करणारी चिप. आजकालच्या स्वस्त स्ट्रीमरांतले डॅकही चांगले असतात, त्यांची खरखर खोलीत ऐकू येत नाही. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा होम थिएटरच्या रिसीव्हरमध्ये ऑप्टिकल किंवा कोअ‍ॅक्सिअल जोडणी असेल तर ती आकडेच घेते, म्हणजे डॅक तिथे आहेच. मग स्ट्रीमरच्या डॅकसाठी वेगळे पैसे देऊ नका.

फोनोमध्ये स्ट्रीमर कधीही लावू नका. ती जागा रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी क्षीण लहरीसाठी असते आणि ती शंभरपटीच्या आसपास वाढवून, वरून तिचा स्वरही बदलते. सीडी किंवा ऑक्समध्ये लावा.

तिथेही एक बारीक गोष्ट आहे. स्ट्रीमर पूर्ण आवाजाला साधारण २ व्होल्ट बाहेर काढतो. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरना याच्या दहाव्या हिश्श्यातही पूर्ण ताकद गाठता येते. त्यामुळे नॉब जरासा फिरवला की आवाज अंगावर येतो आणि हळू ऐकायला जागाच उरत नाही. काही स्ट्रीमरांच्या अ‍ॅपमध्ये ही पातळी १ व्होल्ट किंवा त्याखाली आणायची सोय असते. जुना अ‍ॅम्प्लिफायर असेल तर ही सोय मुद्दाम बघा. उलट स्ट्रीमर थेट पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला लावणार असाल, जिथे नॉबच नसतो, तिथे 'फिक्स्ड', म्हणजे कायम पूर्ण, आवाजाची निवड चुकूनही करू नका. पहिल्याच गाण्याला स्पीकर जाऊ शकतात.

किती वर्षं चालेल

अ‍ॅम्प्लिफायर तीस वर्षं चालतो. स्ट्रीमर हा संगणक आहे, आणि त्याचं आयुष्य कंपनी सॉफ्टवेअर किती दिवस सांभाळते यावर ठरतं. गूगलचं क्रोमकास्ट ऑडिओ २०१५ मध्ये आलं, छान होतं, स्वस्त होतं. जानेवारी २०१९ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. मार्च २०२५ मध्ये त्यातल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातली यंत्रं एकाच दिवशी अडली. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, पण यंत्र शाबूत असून गाणं बंद पडू शकतं हे सगळ्यांना दिसलं.

याच्या उलट उदाहरण स्क्वीझबॉक्स या जुन्या स्ट्रीमरचं. लॉजिटेकने २०१२ मध्ये ते बंद केलं. त्याला गाणी पुरवणारं सॉफ्टवेअर मात्र सगळ्यांसाठी खुलं होतं. हौशी लोकांनी ते सांभाळलं, आज ते लिरिऑन म्युझिक सर्व्हर या नावाने चालू आहे, आणि वीस वर्षांपूर्वीची पेटी अजून वाजते. म्हणून माझा कल नेहमी अशा यंत्राकडे, ज्याला कंपनीच्या अ‍ॅपखेरीज दुसरी एखादी खुली वाटही आहे: लिरिऑन, किंवा यूपीएनपी ही घरच्या नेटवर्कवरून गाणी मागवायची खुली पद्धत. आणि मोठी रक्कम घालायचीच असेल तर ती स्पीकरवर घाला, फार तर वेगळ्या डॅकवर. स्ट्रीमर मधल्या किमतीचा ठेवा, म्हणजे दहा वर्षांनी बदलताना जीव तुटणार नाही.

हाताने काही करायची आवड असेल तर रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या डावाएवढा संगणक, त्यावर डॅकचं कार्ड आणि मूड किंवा व्होल्युमिओ हे सॉफ्टवेअर, एवढ्यात उत्तम स्ट्रीमर होतो. पण तो तुम्ही सांभाळणार असाल तरच. ब्लूसाउंड, केंब्रिज ऑडिओ यांची यंत्रं महाग असली तरी त्यांची अ‍ॅप शांत, सुटसुटीत आणि वर्षानुवर्षं सुधारत आलेली आहेत. परदेशातून कुणाकरवी मागवण्याआधी वॉरंटी इथे चालते का, हे लेखी विचारून घ्या.

काकांकडे शेवटी मधल्या किमतीचं यंत्र आलं. गूगल कास्ट, टीव्हीसाठी ऑप्टिकल 'इन', लॅन, लिरिऑन चालवण्याची सोय आणि प्रीसेटची बटणं असलेला रिमोट. रिमोटचा आग्रह काकूचा. सकाळी हात ओले असताना फोन उघडून अ‍ॅप शोधणं तिला नको होतं, आणि घरातल्या एकाच माणसाला वाजवता येणारं यंत्र काय कामाचं? तिने पहिल्या बटणावर आकाशवाणीची रागम वाहिनी लावून घेतली.

दुकानाने परत घेण्याची दिलेली मुदत संपण्याआधी आम्ही एक चाचणी केली, तुम्हीही करा. घराचा मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केला. वीज गेल्यावर राउटर उठायला दोन-तीन मिनिटं घेतो, स्ट्रीमर त्याच्या आधी उठतो, त्याला नेटवर्क सापडत नाही आणि काही यंत्रं तशीच बसून राहतात. मग दर वेळी कुणीतरी जाऊन प्लग काढावा लागतो. काकांचा स्ट्रीमर वाट बघत राहिला, तिसऱ्या मिनिटाला त्याचा दिवा हिरवा झाला, आणि काकूने कुंड्या खाली उतरवून एक नंबरचं बटण दाबलं.